‘येस’ची दोन वर्षं

१९७०च्या उत्तरार्धात ‘येस’ या इंग्लिश बँडची ‘टाइम अँड अ वर्ड’ ही तबकडी अमेरिकेतल्या दुकानांत आली. मुखपृष्ठावर पाच जणांचं छायाचित्र होतं. त्यांतल्या स्टीव्ह हाउ या गिटारवादकानं त्या तबकडीवर एक सूरही वाजवला नव्हता. तिच्यावर गिटार वाजवली होती ती पीटर बँक्सनं, आणि त्याला सहकाऱ्यांनी एप्रिलमध्येच काढून टाकलं होतं. ‘येस’ हे नावही त्याच्याच डोक्यातून आलेलं. या बँडचा पुढचा इतिहास समजून घ्यायला ही एक गोष्ट बरीच उपयोगी पडते. या मंडळींना आपल्या संगीताविषयी विलक्षण ओढ होती, माणसांविषयी मात्र तेवढीच बेपर्वाई.

त्या वेळी त्यांच्या दोन तबकड्या बाजारात होत्या आणि दोन्ही फारशा खपल्या नव्हत्या. अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीचा धीर सुटत चालला होता. तिसरीही पडली असती तर करार संपल्यातच जमा होता. पण पुढच्या दोन वर्षांत या बँडनं ‘द येस अल्बम’, ‘फ्रॅजाइल’ आणि ‘क्लोज टु द एज’ अशा तीन तबकड्या काढल्या. प्रोग्रेसिव्ह रॉक नावाच्या साऱ्या प्रकाराचं मोजमाप आजही लोक या तिन्हींवरून करतात.

हा प्रकार जन्माला आला त्याची कारणं इंग्लंडच्या त्या काळात सापडतात. १९६७ साली बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ आली आणि रॉकची तबकडी म्हणजे सुट्या गाण्यांचं गाठोडं नव्हे, सलग ऐकण्याची एक रचना असू शकते, हे तरुण वादकांना पटलं. साठच्या दशकाच्या अखेरीस लोक तीन मिनिटांच्या छोट्या तबकडीऐवजी एलपीवर पैसे खर्च करू लागले. विद्यापीठांच्या सभागृहांतून रॉकचे कार्यक्रम व्हायला लागले आणि तिथला श्रोता नाचायला नव्हे, बसून ऐकायला यायचा. अमेरिकेत एफएम केंद्रांवर दहा-दहा मिनिटांचे तुकडे निःसंकोच वाजत. वाद्यांतही क्रांती चालली होती. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असायचा. पट्टी दाबली की आधी मुद्रित केलेलं व्हायोलिन किंवा बासरी ऐकू यायची, तीही सात-आठ सेकंदच. मूग सिंथेसायझर तर थेट विजेतूनच सूर काढायचा. चार-पाच पोरांच्या बँडला वाद्यवृंदाची भूक लागली होती आणि ती भागवायची साधनं हाताशी येत होती.

‘येस’ची सुरुवात १९६८ साली लंडनच्या वॉर्डर स्ट्रीटवर ‘ला शास’ नावाच्या एका छोट्या क्लबात झाली. लँकशरमधल्या अ‍ॅक्रिंग्टनहून आलेला जॉन अँडरसन तिथे पडेल ते काम करत असे. त्याचा गळा उंच आणि निर्मळ होता. लिहिता-वाजवता बेताचंच यायचं, पण डोक्यात भव्य आराखडे असायचे. तिथेच त्याची ख्रिस स्क्वायरशी ओळख करून दिली गेली. स्क्वायर लहानपणी चर्चच्या गायनवृंदात गायलेला. बास गिटार मागे राहून ताल धरण्यासाठी असते, हे त्याला मान्यच नव्हतं. त्याची रिकनबॅकर बास गिटारच्या बरोबरीनं पुढे येऊन बोलायची. ड्रमवर बिल ब्रुफर्ड हा जॅझचा वेडा आला आणि ऑर्गनवर टोनी के. त्याच वर्षी नोव्हेंबरात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘क्रीम’ या बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला. त्याआधी वाजवायची संधी या नवख्यांना मिळाली.

पुढच्या वर्षी त्यांनी किंग क्रिम्सनला प्रत्यक्ष वाजवताना ऐकलं आणि हादरले. आपल्याहून नवा बँड आपल्याहून कितीतरी घट्ट वाजवतो, हा धक्का होता. तालमी वाढल्या. ‘टाइम अँड अ वर्ड’मध्ये त्यांनी खराखुरा वाद्यवृंद भाड्यानं आणला, पण त्या वाद्यवृंदाच्या गर्दीत गिटार आणि ऑर्गन दबले. बँक्सचा या बेताला विरोध होता आणि त्याचं चुकलं होतं असं आज ती तबकडी ऐकताना वाटत नाही. तरी गेला तोच.

स्टीव्ह हाउ आला आणि चित्र पालटलं. गिटार तो स्वतःच्या स्वतः शिकलेला. जॅझ, कंट्री, स्पॅनिश, रॉक असं सगळं एकाच हातात होतं आणि एकाच गाण्यात एकातून दुसऱ्यात जाताना त्याला कष्ट पडत नसत. बँड डेव्हनमधल्या एका शेतघरात जाऊन राहिला आणि तिथे त्यांनी नवी गाणी रचली. हाउला ती जागा एवढी आवडली की पुढे त्यानं ती विकतच घेतली. त्या हिवाळ्याच्या तोंडावर लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. सोबतीला एडी ऑफर्ड हा ध्वनिमुद्रक होता. बँडचा सहावा सभासद म्हणावं अशी त्याची भूमिका पुढे होत गेली.

‘द येस अल्बम’ १९७१च्या सुरुवातीला आली. तिच्या मुखपृष्ठावर टोनी केचा पाय प्लॅस्टरमध्ये दिसतो. नोव्हेंबरात बँडच्या गाडीला अपघात झाला आणि छायाचित्र दुसऱ्याच दिवशी काढायचं ठरलेलं होतं, म्हणून तसंच काढलं. तबकडीत उसनं गाणं एकही नाही. आधीच्या दोन्हींत इतरांची गाणी नव्या थाटात मांडलेली होती. इथे सगळं घरचं आहे. नऊ-दहा मिनिटांची गाणी आहेत, पण ती लांबवलेली वाटत नाहीत. एक भाग संपतो, लय बदलते, तीन गळे एकत्र येतात, पुन्हा गिटार वाट काढते. इंग्लंडमध्ये ती चौथ्या क्रमांकापर्यंत चढली. करार वाचला. जूनमध्ये जेथ्रो टल या बँडच्या आधी वाजवायला म्हणून बँड पहिल्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला.

यशानंतर थांबायची रीत या बँडला नव्हती. टोनी के हॅमंड ऑर्गनवर खूश होता. मेलोट्रॉन आणि मूगमध्ये त्याला रस नव्हता, इतरांना मात्र हवे होते ते नेमके हेच आवाज. उन्हाळा संपेपर्यंत के बाहेर पडला आणि त्याच्या जागी रिक वेकमन आला. वेकमन रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेला आणि शिक्षण अर्धवट सोडून स्टुडिओत पैशासाठी वाजवणारा. डेव्हिड बोवीच्या ‘लाइफ ऑन मार्स’मधला पियानो त्याचाच. बोवीलाही तो आपल्या बँडमध्ये हवा होता. दोन्ही बोलावणी जवळपास एकाच वेळी आली आणि वेकमननं ‘येस’ची निवडली. बाकीचे चौघे शाकाहाराकडे आणि अध्यात्माकडे झुकलेले, तर हा बीअर, मांस आणि विनोद यांत रमणारा. हा फरक सुरुवातीला गमतीचा वाटला.

वेकमनची वाद्यं महाग होती. दुसरी तबकडी लवकर काढून पैसा उभा करणं भाग होतं. म्हणून ‘फ्रॅजाइल’चा घाट विचित्र पडला. चार मोठी गाणी सगळ्यांनी मिळून केली आणि उरलेले पाच छोटे तुकडे एकेकानं आपापल्या कल्पनेनं केले. वेकमन दुसऱ्या प्रकाशकाशी करारानं बांधलेला असल्यामुळे त्यानं ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीचा एक भाग कीबोर्डांवर वाजवला. ब्रुफर्डचा तुकडा अवघा ३५ सेकंदांचा. हे तुकडे मला तबकडीच्या वेगाला अडवणारे वाटतात. हाउचा एकट्या गिटारचा तुकडा त्याला अपवाद. पण चार मोठ्या गाण्यांनी सगळं भरून काढलं.

त्यांतलं ‘राउंडअबाउट’ हे अँडरसन आणि हाउला स्कॉटलंडमध्ये सुचलं. १९७१च्या वसंतात बँड व्हॅनमधून अ‍ॅबरडीनहून ग्लासगोला चालला होता. रस्त्यावर वळणावळणाला वाहतुकीची गोल बेटं, दोन्ही बाजूंना डोंगर आणि तळी. हॉटेलात पोहोचेपर्यंत गाण्याचा सांगाडा तयार होता. गाण्याच्या आरंभी लाटेसारखा फुगत येणारा जो आवाज ऐकू येतो, तो पियानोचा सूर ध्वनिफीत उलटी फिरवून मिळवलेला आहे. पुढे हाउची साधी गिटार, आणि मग स्क्वायरची बास अशी काही उसळते की श्रोता गाण्याचं नाव विसरेल, ती धून विसरणार नाही. साडेआठ मिनिटांचं हे गाणं कापून अमेरिकेत छोट्या तबकडीवर आणलं, ते १३व्या क्रमांकापर्यंत गेलं. ‘फ्रॅजाइल’ अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोहोचली. मुखपृष्ठावर रॉजर डीन या चित्रकारानं एक चिमुकला, तडकत चाललेला ग्रह रंगवला होता. त्या चित्रांशी या बँडचं नाव असं जोडलं गेलं की पुढे डीनची चित्रं पाहूनच लोकांच्या कानांत ‘येस’ वाजू लागे.

आता पैसा होता, नाव होतं आणि पाचही जण तिशीच्या आत होते. १९७२च्या वसंतात ते पुन्हा अ‍ॅडव्हिजनमध्ये शिरले. या वेळी एलपीची एक अख्खी बाजू एकाच रचनेला द्यायची, असं ठरलं. अँडरसन तेव्हा हेर्मान हेसेची ‘सिद्धार्थ’ ही कादंबरी वाचत होता. बुद्धकाळातल्या भारतातला एक ब्राह्मणपुत्र घर सोडतो, तप करतो, संसारात बुडतो आणि शेवटी एका नदीकाठी नावाड्याच्या संगतीत शांत होतो, अशी ती कथा. हेसेची आई मलबारात जन्मलेली आणि आजोबा हेर्मान गुंडर्ट मल्याळमचे कोशकार. त्यामुळे त्याचा भारत अगदीच पुस्तकी नव्हता. योगायोग असा की याच १९७२ साली शशी कपूरला नायक करून कॉनरॅड रुक्सनं ‘सिद्धार्थ’वर चित्रपटही काढला. पाश्चात्य तरुणांना त्या वर्षांत हे पुस्तक जितकं प्रिय होतं, तितकं क्वचितच दुसरं कुठलं असेल. अँडरसननं कथा घेतली नाही, नदी घेतली. काठ, प्रवाह, चढणं-उतरणं, ऋतू अशा प्रतिमांची त्यानं शब्दांत जुळणी केली. त्या शब्दांचा सरळ अर्थ लावायला बसणारा फसतो, कारण अँडरसन अर्थापेक्षा नादासाठी शब्द निवडायचा.

ही रचना ज्या पद्धतीनं घडली, ती पाहिली तर ती उभी राहिली याचंच नवल वाटतं. संपूर्ण तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणालाच वाजवता येत नव्हता, कारण तो अजून रचलाच जात होता. काही मात्रांचा भाग बसवायचा, मुद्रित करायचा, मग पुढे काय यावर वाद घालायचा. दुसऱ्या दिवशी कालचं आठवत नसे, म्हणून टेप ऐकून पुन्हा शिकायचं. ऑफर्ड एकेका भागाची अनेक मुद्रणं घेई, उत्तम ते निवडून ब्लेडनं ध्वनिफीत कापी आणि चिकटवी. प्रत्यक्ष कार्यक्रमाचा जोम यावा म्हणून स्टुडिओत लाकडी मंच उभारला होता. एकदा पहाटेपर्यंत काम करून सगळे दमले. निवडलेला तुकडा कापून बाजूला ठेवला होता, तो सफाई कामगारानं कचऱ्यात टाकला. मग मंडळी इमारतीबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यांत फीत शोधत बसली आणि ती सापडलीही, असं नंतर अनेकदा सांगितलं गेलं आहे.

फळ मात्र एकसंध आहे. पाखरांचा किलबिलाट आणि पाण्याची खळखळ हळूहळू वाढते आणि अचानक सगळी वाद्यं एकमेकांवर आदळतात. हाउची गिटार इतकी बेभान की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तबकडी बिघडली असं वाटावं. त्या गोंधळातून एक धून वर येते, ती पुढे निरनिराळ्या वेषांत परतत राहते. मध्यावर सगळं थांबतं. संथ गाणं, एकावर एक चढलेले गळे, आणि मग चर्चचा प्रचंड ऑर्गन. तो वेकमननं लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये जाऊन वाजवला. ऑर्गनचा नाद विरतो तोच पुन्हा पहिली लय, आणि शेवटी पुन्हा पाखरं. सगळं मिळून पावणेएकोणीस मिनिटांच्या आसपास. ख्यालाला अर्धा-पाऊण तास देणाऱ्या आपल्या श्रोत्याला ही लांबी काहीच वाटणार नाही. पण रॉकमध्ये एवढा वेळ श्रोत्याला धरून ठेवणं, तेही आलापीच्या स्वातंत्र्याशिवाय, सगळं आधी ठरवून, हे अवघड होतं. दुसऱ्या बाजूला ‘अँड यू अँड आय’ आणि ‘सायबीरियन खात्रू’ अशी दोनच गाणी आहेत. तिन्हींत एक क्षणही वाया गेलेला नाही, असं मी बेधडक म्हणेन.

‘क्लोज टु द एज’ सप्टेंबर १९७२मध्ये आली, अमेरिकेत तिसऱ्या आणि इंग्लंडमध्ये चौथ्या क्रमांकावर गेली. ती दुकानांत पोहोचण्याआधीच बिल ब्रुफर्ड बँड सोडून गेला होता. प्रत्येक सुरावर पाच जणांची मतं घ्यायची, बास किती मोठी आणि ड्रम किती लहान यावर रात्री घालवायच्या, याला तो विटला होता. याहून चांगलं या पाच जणांकडून होणार नाही, असंही त्याला वाटत होतं. तो किंग क्रिम्सनमध्ये गेला, जिथे पैसा कमी आणि अनिश्चितता जास्त. लोकप्रियता तोंडाशी असताना उठून जाणारे कलावंत थोडे. ब्रुफर्डचा निर्णय त्या वेळी वेडेपणाचा वाटला. पुढे काय घडलं ते पाहता पाचांत सर्वांत शहाणा तोच ठरतो.

ब्रुफर्डच्या जागी आला तो जॉन लेननबरोबर ‘इमॅजिन’मध्ये वाजवलेला अ‍ॅलन व्हाइट. त्यानं काही दिवसांत सगळा कार्यक्रम पाठ केला आणि ३० जुलैला डॅलसमध्ये तो मंचावर बसला. गाडी थांबली नाही. १९७३च्या मे महिन्यात ‘येससाँग्ज’ हा तीन तबकड्यांचा प्रत्यक्ष कार्यक्रमांचा संच आला.

पुढच्या कथेचं बीज मात्र ब्रुफर्डच्याच लग्नात पडलं. मार्च १९७३मधल्या त्या समारंभात अँडरसनची गाठ किंग क्रिम्सनच्या जेमी म्युर या तालवादकाशी पडली. त्यानं परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाच, असं सुचवलं. मराठीत ‘योगी कथामृत’ म्हणून जे अनेक घरांत असतं, तेच पुस्तक. थोड्याच दिवसांत जपानच्या दौऱ्यावर, टोकियोच्या हॉटेलात अँडरसननं ते उघडलं आणि ८३व्या पानावरच्या एका तळटीपेवर तो अडकला. श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं असे शास्त्रग्रंथांचे चार प्रकार तिथे थोडक्यात सांगितले होते. चार प्रकार, म्हणजे चार रचना, म्हणजे एलपीच्या चार बाजू. त्यानं आणि हाउनं दौऱ्यावर रात्री जागून आराखडा केला.

‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत झाली. अँडरसनला खेड्यात जाऊन काम करायचं होतं. ते जमलं नाही, तेव्हा स्टुडिओतच गवताच्या पेंढ्या, झाडं आणि पुठ्ठ्याची गाय आणून ठेवली. वेकमनला हे सगळं असह्य झालं होतं. त्याचं म्हणणं त्यानं पुढे वारंवार मांडलं आहे. एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी एवढा मजकूर होता, आणि बाजू भरण्यासाठी तो ताणला गेला. ‘क्लोज टु द एज’च्या वेळी बाजूची मर्यादा रचनेला आवळून धरत होती. इथे तीच लांबी गाठायचं लक्ष्य झाली.

मला पहिली आणि चौथी बाजू ऐकायला आवडते. मधल्या दोन्हींत रचना भरकटते, आणि दोष शास्त्रांचा नाही. श्रुती-स्मृतींची नावं तिथे चार कप्प्यांच्या पाट्यांसारखी आहेत. आतल्या संगीताचा त्यांच्याशी फारसा संबंध नाही. हेसेची नदी रचनेत मुरली होती, तळटीप मुरली नाही.

खपाच्या दृष्टीनं पाहिलं तर ‘टेल्स’ यशस्वीच ठरली. डिसेंबर १९७३मध्ये ती इंग्लंडमध्ये केवळ आगाऊ मागणीवर सुवर्ण तबकडी ठरली आणि पहिल्या क्रमांकावर गेली. दौऱ्यात मात्र प्रेक्षक चुळबुळू लागले. मँचेस्टरच्या कार्यक्रमात एका लांबलचक भागात वेकमनला काम नव्हतं. कार्यक्रमानंतर काय खाणार, असं मदतनिसानं विचारलं. त्यानं चिकन विंदालू, पापड, बॉम्बे आलू वगैरे यादी सांगितली. मदतनिसाला वाटलं आत्ताच हवंय. थोड्या वेळानं मंचावरच पुड्या आल्या, कीबोर्डवर मांडल्या गेल्या आणि वास अँडरसनपर्यंत गेला. वेकमनची ही आवडती गोष्ट. विंदालू गोव्याचा खरा, पण बॉम्बे आलू नावाची भाजी मुंबईच्या घरांत कोणी करत नाही. १९७३च्या इंग्लंडमधला भारत बहुतांशी असाच होता, एका टोकाला तळटीप आणि दुसऱ्या टोकाला करीच्या पुड्या.

१८ मे १९७४ रोजी, आपल्या २५व्या वाढदिवशी वेकमननं बँड सोडला. त्याच दिवशी त्याची स्वतःची ‘जर्नी टु द सेंटर ऑफ द अर्थ’ पहिल्या क्रमांकावर गेल्याची बातमी आली. त्याच्या जागी स्वित्झर्लंडचा पॅट्रिक मोराझ आला आणि टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’वरून सुचलेल्या लांब रचनेची ‘रिलेयर’ ही दमदार तबकडी निघाली. मग सगळ्यांनी एकेकट्यानं तबकड्या काढल्या, वेकमन परतला, पुन्हा गेला. तोवर पंक रॉकवाल्या पोरांनी वीस-वीस मिनिटांच्या रचनांची यथेच्छ टर उडवली होती. १९८१पर्यंत बँड मोडला. तो पुन्हा उभा राहिला आणि १९८३-८४मध्ये ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’नं त्याला अमेरिकेत पहिला क्रमांकही मिळाला, पण ते संगीत वेगळं होतं.

हा चढ-उतार एकट्या ‘येस’चा नव्हता. जेथ्रो टलनं १९७२च्या मार्चमध्ये अख्ख्या एलपीची एकच रचना केली. जेनेसिसनं त्याच वर्षी तेवीस मिनिटांचं ‘सपर्स रेडी’ केलं आणि पिंक फ्लॉइडची ‘डार्क साइड ऑफ द मून’ १९७३च्या मार्चमध्ये आली. बहुतेकांचा भर तीन-चार तबकड्यांत ओसरला. पंकनं या लोकांना संपवलं असं सर्रास म्हटलं जातं, ते कालक्रमात बसत नाही. ‘येस’च्या बाबतीत तरी घसरण पंकच्या तीन वर्षं आधी सुरू झाली होती आणि ती आतून झाली. पैशाची चणचण, कंपनीचा दबाव आणि ब्रुफर्ड हे तिन्ही एकदम गेले. उरलेल्यांना ‘नको’ म्हणणारं कोणी राहिलं नाही.

ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही, त्यांनी ‘टेल्स’पासून सुरुवात करू नये. ‘द येस अल्बम’, ‘फ्रॅजाइल’ आणि ‘क्लोज टु द एज’ याच क्रमानं ऐकाव्यात. तिन्हींना मिळून दोन तास लागतात. त्यानंतरच ‘टेल्स’ची पहिली बाजू लावावी आणि वेकमन बरोबर होता की अँडरसन, हे ज्याचं त्यानं ठरवावं.